वेशीवरचे वीर

माणूस गेला की त्याचे मागे काही उरू नये, अशीच आपल्याकडची रीत आहे. देह जाळायचा, राख सावडायची, अस्थी नदीत सोडायच्या, वापरातले कपडे देऊन टाकायचे. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या खड्याने भोक पाडले, तो खडा तेवढा जपायचा. पोथीत तो अश्मा. लोक त्याला जीवखडा म्हणतात. दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी हाच खडा. तिळाचे पाणी त्यालाच द्यायचे, पिंड त्याच्यापुढेच मांडायचे. दशक्रिया उरकली की तोही पाण्यात जातो. घरच्यांना दहा दिवस हाताशी धरायला काहीतरी द्यायचे आणि मग ते त्यांच्याच हातून सोडायला लावायचे, हा विधी ज्या कोणी घडवला त्याला दुःखाची जात चांगली ठाऊक होती.

आणि तरीही याच समाजाने मेलेल्या माणसांसाठी गावोगाव दगड उभारले. सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत, कोकणात आणि मराठवाड्यात हिंडणाऱ्याला ते पावलोपावली भेटतात. मारुतीच्या देवळामागे, शिवालयाच्या आवारात, ओढ्याच्या काठाला, पाराच्या बांधकामात, कुठे कुठे तर धुणे धुण्याच्या घाटावर पालथे घातलेले. जाणकार त्यांना वीरगळ म्हणतात. गावात विचारले तर कोणी वीराचा दगड म्हणते, कोणी म्हसोबा, कोणी पांडव, आणि पुष्कळदा ‘आहे काहीतरी जुने’ एवढ्यावर बोळवण होते. पुढल्या पानांत ज्या स्मृतिशिळांची छायाचित्रे आणि नोंदी आहेत, त्या बहुतेक अशाच ‘काहीतरी जुने’ म्हणून सोडून दिलेल्या आहेत. त्या वाचायच्या कशा आणि का, एवढे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

सगळ्यांसाठी दगड उभा राहत नसे. घरात अंथरुणावर मेलेल्याला तो नव्हता, तो कितीही थोर असो. जो गावासाठी, गुरांसाठी, धन्यासाठी किंवा बायाबापड्यांच्या रक्षणासाठी लढताना पडला, त्याचा दगड. सोडून देण्याच्या रिवाजाला काढलेला हा अपवाद आहे, आणि म्हणूनच तो नीट पाहायला हवा. कोणाला विसरायचे नाही याचा निवाडा त्या काळच्या गावाने या दगडांत करून ठेवला आहे.

एखादा चांगला राहिलेला वीरगळ डोळ्यांसमोर आणा. कमरेएवढा किंवा पुरुषभर उंचीचा, काळ्या बसाल्टचा उभा चिरा. आडव्या पट्ट्यांनी त्याचे तीन किंवा चार कप्पे पाडलेले. वाचायला सुरुवात खालून करायची. तळच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला असतो. डोळे मिटलेले, एक हात छातीवर किंवा जमिनीला टेकलेला. त्याच्या वरच्या बाजूला गायींची रांग दिसली तर समजावे की हा गोग्रहणात पडला. शत्रूने गावाची गुरे वळवली, हा सोडवायला धावला, गुरे परत आली आणि हा आला नाही. त्याच्या वरच्या कप्प्यात लढाई. वीराच्या हातात ढाल-तलवार असते किंवा धनुष्य, समोर दोघे-तिघे, आणि शिल्पकाराने वीराला इतरांपेक्षा थोडा मोठा काढलेला. त्याच्या वर दोन्ही बाजूंनी अप्सरा येतात आणि मधे त्याला धरून नेतात. त्यांची पावले भुईला लागत नाहीत. सगळ्यात वर शिवलिंग, घंटा वाजवणारा पुजारी आणि हात जोडून बसलेला वीर. तो कैलासाला पोचला. माथ्यावर कलश, आणि दोन कोपऱ्यांत चंद्र-सूर्य.

चंद्र-सूर्य नुसत्या सजावटीसाठी नाहीत. दानपत्रांवर, शिलालेखांवर जी खूण असते तीच ही: आकाशात हे दोघे आहेत तोवर हे टिकावे. खाली माणूस मेला आहे आणि वर कधी न मरणारे दोघे त्याला साक्ष आहेत. एवढ्याशा चिऱ्यात मरण, झुंज, प्रवास आणि पोचणे अशी सगळी वाट मांडलेली आहे, आणि ती वाट अक्षरओळख नसलेल्या माणसालाही उभ्या उभ्या वाचता येते. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. नाव नाही, साल नाही. त्या काळी गावात प्रत्येकाला माहीत होते की हा कोण. लिहिण्याची गरज कोणाला वाटली नसावी. आज तेच नाव कायमचे गेले आहे. मात्र तो कशासाठी मेला हे अजून दिसते. शिल्पकाराने जपायला जे निवडले ते टिकले, असे मला ठामपणे वाटते.

ही रीत एकट्या महाराष्ट्राची मुळीच नाही. गुजरातेत तिला पाळिया म्हणतात. तमिळ मुलखात नडुकल. तोल्काप्पियम या प्राचीन तमिळ ग्रंथात असा दगड उभारण्याच्या पायऱ्याच दिल्या आहेत: योग्य दगड शोधणे, तो आणणे, पाण्याने न्हाऊ घालणे, रोवणे, नैवेद्य दाखवणे, स्तुती करणे. म्हणजे दगड कोरून आणून ठेवला की झाले, असे नव्हते. त्याला माणसासारखे न्हाऊ-जेवू घालून गावात वस्तीला आणत. कर्नाटकात तर वीरगळांची एवढी श्रीमंती आहे की तिथल्या इतिहासाचे मोठे साधन तेच आहेत, कारण तिथे पुष्कळांवर लेख आहेत. त्यांतला आतकूरचा लेख मला विसरता येत नाही. काळ इ. स. ९४९-५०, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या कारकिर्दीतला. चोळांविरुद्धच्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल मनलेर नावाच्या योद्ध्याला काय हवे ते माग म्हटल्यावर त्याने काली नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे त्या कुत्र्याला एका मोठ्या रानडुकरावर सोडले, दोघेही झुंजत मेले, आणि मनलेराने कुत्र्यासाठी दगड उभारला. त्याच्या पूजेसाठी जमीनही लावून दिली. हा दगड आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. त्यावर कुत्रा आणि डुक्कर समोरासमोर भिडलेले आहेत. जीव तोडून लढला, एवढे पुरे होते. तो माणूस असायलाच हवा अशी अट नव्हती.

आपल्याकडचे सगळ्यांत भव्य वीरगळ मुंबईत, बोरिवलीजवळच्या एक्सर गावात आहेत, हे सांगितले तर अजूनही पुष्कळ मुंबईकरांना नवल वाटते. इमारतींच्या गराड्यात उभे असलेले हे उंच चिरे. त्यांच्यावर जमिनीवरची लढाई आहे, हत्ती आहेत, आणि मुख्य म्हणजे आरमाराची लढाई आहे. शिडाच्या डोलकाठ्या, एका ओळीत वल्ही मारणारे नावाडी, एकमेकांवर चालून जाणारी जहाजे. पुष्कळ अभ्यासक त्यांचा संबंध देवगिरीचा महादेव यादव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातल्या इ. स. १२६५ च्या सुमाराच्या युद्धाशी लावतात. काहींना ते त्याहून जुने वाटतात. यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ग्रंथात या सोमेश्वराबद्दल लिहिले आहे की, महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला, आणि तो बुडाला. जिंकलेल्या बाजूच्या मंत्र्याने लिहिलेला हा टोमणा आहे. राजाची हकिगत टोमण्यात आली. जहाजांवर मेलेल्यांची हकिगत दगडात आली. गोव्यातही कदंबकालीन वीरगळांवर जहाजे आहेत आणि जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात ती जवळून पाहता येतात. समुद्रावर मेलेल्याचे तर हाडसुद्धा हाती लागत नसे. अशा घरांना हा दगड काय वाटत असेल, याचा विचार एक्सरच्या चिऱ्यांपुढे उभे राहिल्यावर आपोआप येतो.

आता ज्या दगडांविषयी लिहिताना हात जड होतो, त्यांच्याकडे वळतो. कोरलेल्या खांबातून एक हात बाहेर आलेला, कोपरात वाकलेला, तळवा उघडा, मनगटापासून बांगड्यांची ओळ. शेजारी चंद्र-सूर्य. ही सतीशिळा. बांगड्या भरलेल्या म्हणजे सौभाग्य अभंग राहिले, असा तिचा अर्थ. पुष्कळ ठिकाणी वीरगळ आणि सतीशिळा शेजारी शेजारी असतात. कधी एकाच दगडावर वीराच्या वरच्या कप्प्यात हा हात असतो. थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ ला थोरले माधवराव पेशवे गेले आणि रमाबाई सती गेल्या. नदीकाठी त्यांचे वृंदावन आहे. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्या हातांना नाव नाही.

या शिळांपुढे हात जोडावेत असे मला वाटत नाही. स्वेच्छेने गेली, की ओढून नेली, की जगणे इतके कठीण करून ठेवले होते की मरणच सोपे वाटले, हे तो दगड सांगत नाही, सांगूही शकत नाही. दगड उभारणारे मागे राहिलेले लोक होते. त्यांना जे आठवायचे होते तेच त्यांनी कोरले. ब्रिटिश अमलात १८२९ साली बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा आला, मुंबई आणि मद्रास इलाख्यांत पुढच्या वर्षी. आणि तरीही १९८७ साली राजस्थानात देवराला इथे एक कोवळी मुलगी जळाली, गर्दी जमली, देऊळ बांधायच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा सतीचे उदात्तीकरण हाच गुन्हा ठरवणारा नवा कायदा करावा लागला. म्हणून सतीशिळा जपायची ती कागदपत्र जपावे तशी. ती फोडून टाकली तर त्या बाईचा उरलेला एकमेव पुरावा आपण नाहीसा करतो. तिला शेंदूर फासून नवस बोललो तर तिच्या मरणाला पुन्हा होकार देतो. दोन्ही टाळायचे. तो हात पाहावा, बांगड्या मोजाव्यात, आणि ही कोण होती असा प्रश्न मनात राहू द्यावा.

दगड गावाचा, तसा टाक घराचा. चांदीच्या पत्र्यावर ठसा उठवलेली बोटभर, दोन बोटे उंचीची प्रतिमा. देवघरात खंडोबा, भवानी, म्हसोबा यांच्या टाकांच्या ओळीत एखादा टाक असा असतो की तो कोणत्या देवाचा हे नव्या सुनेला सांगावे लागते. तो घरातल्याच कोणाचा तरी असतो: लढाईत पडलेला, अकाली गेलेला, काही इच्छा राहून गेलेला. रोज त्याला पाणी आणि गंधफूल मिळते. काही समाजांत दुसरेपणावर दिलेली मुलगी पहिल्या, वारलेल्या बायकोचा छोटासा टाक गळ्यात घालत असे. सवतीच्या कोपाची भीती त्यामागे होती हे खरेच. पण ज्या घरात आपण नांदायला आलो तिथे आपल्या आधी कोणी नांदून गेली, हे तिला रोज गळ्याशी लागत होते, हेही तितकेच खरे. मृत्यूची आठवण माणसाच्या इतकी अंगाशी नेणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे घरचे वीर रस्त्यावर येतात. खोबऱ्याच्या वाटीत टाक ठेवायचा, लाल कापडात धरायचा, घरातल्या लहान मुलाला देवाचा नाहीतर वीराचा पोशाख चढवायचा आणि वाजतगाजत, नाचत गोदावरीवर न्यायचे. तिथे टाकाला स्नान घालायचे आणि परत देवघरात आणून बसवायचे. त्यांतला मानाचा दाजिबा वीर बाशिंग बांधून निघतो. हळदीच्या अंगाने मेलेला नवरदेव अशी त्याची कथा सांगतात. त्याच्या दर्शनाने लग्न जमते अशी श्रद्धा आहे. ज्याचे लग्न राहून गेले त्याच्यापाशीच लोक लग्न मागतात. यातला समजूतदारपणा पुस्तकी पांडित्याने येणारा नव्हे. सात-आठ वर्षांचे पोर कित्येक पिढ्यांपूर्वी मेलेल्या पूर्वजाला हातात घेऊन नाचते, आणि मरण म्हणजे काय हे त्याला कोणी न सांगता कळायला लागते.

युरोपात या विषयाला वेगळे वळण लागले. तिथे कवटी पुढे आली. मेमेंटो मोरी, म्हणजे तुलाही मरायचे आहे हे ध्यानात ठेव, हा बोध अंगठ्यांवर, घड्याळांवर, थडग्यांवर कोरला गेला. हान्स होल्बाइनने १५३३ साली रंगवलेल्या ‘द ॲम्बॅसडर्स’ या चित्रात दोन श्रीमंत, विद्वान तरुण पुरुष उभे आहेत आणि त्यांच्या पायांशी एक लांबट, ओळखू न येणारा डाग आहे. चित्राच्या कडेला जाऊन तिरके पाहिले की ती कवटी होते. पुढे बोध मागे पडला आणि व्यक्ती पुढे आली. १४ डिसेंबर १८६१ ला प्रिन्स अल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने मरेपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे, काळे वस्त्र सोडले नाही, आणि गेलेल्यांचे केस लॉकेटात, ब्रूचमध्ये जपण्याची चाल तिच्या काळात घरोघर झाली. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये पोर्तुगीज घराण्यांच्या कोरीव थडगेशिळा फरशीलाच बसवलेल्या आहेत. त्यांच्यावरून चालत वेदीकडे जावे लागते.

तुलना करायची ती लहानमोठे ठरवण्यासाठी करू नये. पण एक फरक डोळ्यांत भरतो. कवटी पाहणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मरणाबद्दल बजावते. वीरगळावर हाडे नाहीत, सडणे नाही, भीती नाही. तो पाहणाऱ्याला दुसऱ्याच्या मरणाबद्दल सांगतो, आणि हे मरण तुझ्या गावासाठी होते हे सांगतो. त्याच्यापुढे उभा राहणारा माणूस त्या मेलेल्याचा देणेकरी असतो. आपल्या मृत्युस्मरणात हे देणे मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि आज आपण तेच विसरत चाललो आहोत. आता घरोघर हार घातलेली तसबीर असते, वर्तमानपत्रात पुण्यस्मरणाची चौकट येते, चौकात श्रद्धांजलीचा फलक लागतो. त्यांत माया आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण फलकावर मृतापेक्षा ‘शोकाकुल’ मंडळींचे फोटो मोठे येऊ लागले, तेव्हा कोणाची आठवण करतो आहोत याचा विचार करायला हवा.

दगडांची आजची अवस्था सांगितल्यावाचून ही प्रस्तावना पुरी होणार नाही. जीर्णोद्धार हा त्यांचा पहिला शत्रू. जुने देऊळ पाडून काँक्रीटचे बांधताना वीरगळ पायात घालतात, भरावात टाकतात, किंवा आवारात उभा करून त्यावर ऑइलपेंट चढवतात. एकदा रंग बसला की शिल्पाच्या बारीक रेषा, अप्सरेच्या चवरीपासून गायीच्या शिंगापर्यंत, सगळे भरून जाते. रस्ता रुंदीकरणात काही गेले, काही धरणांत. उजनीच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने देऊळ आहे. पाणी ओसरले की देवळाबरोबर वीरगळ आणि सतीशिळाही उघड्या पडतात आणि पावसाळा आला की पुन्हा बुडतात. शंभर वर्षांहून जुने कोरीव शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, पण गावोगाव विखुरलेल्या एवढ्या दगडांवर पहारा ठेवणे कोणत्याही खात्याच्या आवाक्यातले काम नाही. गावानेच ते करायचे आहे.

अभ्यास झालाच नाही असे नाही. गुंथर सोंथायमर हे जर्मन विद्वान धनगरांच्या वाड्यावस्त्यांतून हिंडले, खंडोबा-म्हस्कोबाच्या जत्रांत बसले, आणि एस. सेट्टर यांच्यासह त्यांनी १९८२ साली भारतातल्या स्मृतिशिळांवरचा मोठा ग्रंथ संपादित केला. त्यानंतर महाराष्ट्रात कित्येक हौशी आणि व्यासंगी माणसे आपापल्या तालुक्यातले दगड शोधत, मोजत, नोंदवत आली आहेत. हा संग्रह त्यांच्याच वाटेवरचा आहे. यातल्या प्रत्येक चित्राखाली गाव, जागा, उंची, कप्पे आणि आजची स्थिती दिली आहे. दंतकथा दिली असेल तिथे ती दंतकथा म्हणूनच दिली आहे.

वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या खेपेला गावी गेलात की देवळामागे एक फेरी मारा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जा. भर दुपारी कोरीव काम सपाट दिसते. दगडावर तेल ओतू नका, खडूने रेषा गिरवू नका, ब्रशने घासू नका. पाण्याने ओला केलेला कपडा हलक्या हाताने फिरवला तरी पुष्कळ दिसते. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि जमल्यास मागून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या दगडाला काय म्हणतात ते विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. दगड उचलून शहरात, शाळेत किंवा आपल्या बागेत नेऊ नका. जागा गेली की अर्धी माहिती गेली. आणि जत्रेच्या बैठकीत जीर्णोद्धाराचा विषय निघालाच, तर हा दगड पायात घालायचा नाही आणि रंगवायचा नाही, एवढे उठून सांगा.